शनिवारी अडीच, सोमवारी दोन

चौकशीबाईचं खरं नाव कालवांच्या परवान्यावर लिहिलेलं होतं आणि परवाना ट्रंकेत, कुलपाखाली. त्यामुळे ते नाव कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. धक्क्यावर, बाजारात, नदीखात्याच्या ऑफिसात, सगळीकडे ती चौकशीबाई. पोस्टमनने पत्र हातात दिलं तर पाकीट उलटंसुलटं करून विचारणार, हे काल का नाही आलं? दुकानदाराने दोन लिंबं वर टाकली तर त्याची धडगत नाही. का टाकलीस, किडकी आहेत का? जगात कुणी कुणाला उगाच काही देत नाही आणि घेणारा मात्र आपली पाठ वळायची वाट बघत असतो, हे तिचं तत्त्वज्ञान. नवरा म्हणायचा, लग्न ठरायच्या आधी हिने माझे दात मोजले होते, एक कमी भरला म्हणून अजून जाब विचारते.

पण माणूस आईच्या पोटातून असा येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिचा धंदाच तसा. भाजी पिकवणाऱ्याला आपली भाजी दिसते, गाय पाळणाऱ्याला गाय दिसते. कालवं, म्हणजे खायचे शिंपले, पिकवणाऱ्याचं सगळं धन दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. नदी भरतीची, सहा तास समुद्राचं पाणी आत येणार, सहा तास बाहेर जाणार. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो, त्यात लोखंडी सळ्यांची गुडघाभर उंचीची बाकं, बाकांवर जाळीचे चपटे पिंजरे, पिंजऱ्यांत कालवं. भरतीला यातलं काही दिसत नाही, नुसतं पाणी. आपली तिजोरी रोज दोनदा नदीत बुडवून ज्याला निवांत जेवण जातं, त्याने खुशाल तिला शहाणपण शिकवावं.

तीस वर्षं ती हे करत होती. आधी सासूच्या हाताखाली, मग नवऱ्याबरोबर आणि नवऱ्याची कंबर धरल्यापासून एकटी. ओहोटी लागली की सपाट तळाची होडी घेऊन जायचं, एकेक पिंजरा उलटा करायचा, गदागदा हलवायचा, वरून दोन चापट्या मारायच्या. न हलवलेली कालवं एकमेकांना चिकटतात, लांबुळकी आणि पोकळ वाढतात. हलवली की कडा मोडतात आणि आत मांस भरतं. सासू म्हणायची, पोरांचंही तसंच. सासूचा दुसरा नियम होडीचा. होडी चिखलाजवळ बांधायची नाही, पाणी उतरलं की ती तिथेच रुतते आणि माणूस पुढची भरती येईपर्यंत कालवांच्या शेजारी बसतो. होडी बांधायची ती बाहेरच्या पिंपाला. हे पिंप पिवळं, प्लॅस्टिकचं, तळाला ठोकळा आणि ठोकळ्यापासून वर दोर. तिच्या जागेची हद्द दाखवायला नदीखात्याने यंत्राने मोजून ते तिथे ठेवलेलं. पिंपाच्या आत तिची कालवं, पिंपाच्या बाहेर बोटींची खोल वाट.

आणि बोटी कुणाच्या? रविवारवाल्यांच्या.

वरच्या वळणावर बोट क्लब होता. शिडाच्या होड्या, मोटारीच्या बोटी, शिवाय भाड्याने मिळणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या, ज्यांत बसून लोक थोडं वल्हं मारत आणि पुष्कळ फोटो काढत. भरतीला सगळी नदी त्यांची. पाण्याखाली हातभर अंतरावर लोखंडी बाकं आहेत हे बोटीचा तळ खरवडला की कळायचं, आणि मग शिव्या बाईच्या नावाने. ओहोटीला पाणी उरायचं ते खोल वाटेतच. ती वाट बाईच्या शेवटच्या रांगेला खेटून जाणारी, आणि सगळ्या बोटी त्या बोळातून एकमेकींना घासत जायच्या. क्लबवाले म्हणायचे, नदी सगळ्यांची होती, यांनी पिंजरे पेरून तिचा बोळ केला. बाई म्हणायची, यांच्या मोटारींच्या लाटांनी माझे पिंजरे उलटतात, आणि एकदा कुणीतरी बोटीतला संडास वरच्या अंगाला नदीत मोकळा केला तेव्हा माझी विक्री तीन आठवडे बंद होती. खरं सांगायचं तर दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. संडास मोकळा करणारा कोण, ते अजून कळलेलं नाही. बाईच्या यादीत सात जण आहेत.

त्यात घरभेदी घरातच. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात, आणि सून क्लबच्या खिडकीत बसून त्या रंगीत होड्या भाड्याने द्यायची. सून कामसू, बोलायला मऊ. बाईच्या मते मऊ बोलणं हाच पुरावा. घरात पिंजरे, पिंप, परवाना असले शब्द निघाले की सून उठून भांडी घासायला जायची, आणि ती गेली की बाई नवऱ्याला खुणावणार, बघितलंत ना, सगळं ऐकून गेली.

तर झालं असं. एका सोमवारी बाई होडी बांधायला पिंपाशी गेली आणि तिला पिंपाच्या पोटावर हिरव्या रंगाचा ओरखडा दिसला. त्या नदीत हिरवी होडी एकच, मास्तरची. मास्तर म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेला, पंचाहत्तरी ओलांडलेला एकटा माणूस. स्वतःच्या हाताने बांधलेली छोटी लाकडी शिडाची होडी घेऊन दर रविवारी सकाळी यायचा. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. जवळ एक वही. मध्येच थांबणार, काठाकडे डोळे बारीक करून बघणार, काहीतरी लिहिणार. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मनात पाप नाही तो माणूस नदीत वही कशाला नेईल?

बाईनेही वही केली. शनिवारी काम संपलं की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती शेवटच्या रांगेपासून पिंपापर्यंतचं अंतर वल्ह्याने मोजायची, आणि सोमवारी गेल्या गेल्या पुन्हा. पहिल्या शनिवारी अडीच वल्ही भरली. सोमवारी दोन. पुढच्या शनिवारी अडीच, सोमवारी दोन. दीड महिना हेच. रविवारी कुणीतरी तिची हद्द अर्ध्या वल्ह्याने आत ढकलत होतं, तिची जागा खात होतं. हा आता नुसता संशय राहिला नव्हता, वहीत पांढऱ्यावर काळं होतं. म्हणजे पांढऱ्यावर निळं, कारण बाईचं पेन निळं. मधल्या दिवसांत तिने एकदाही मोजलं नाही. कशाला मोजायचं? चोर रविवारी येतो.

मग एका रविवारी सकाळी ती काठच्या झुडपात जाऊन बसली, मुलाने जहाजावरून आणलेली दुर्बीण घेऊन. ओहोटी अर्धी उतरली होती. हिरवी होडी आली. मास्तरने शीड पाडलं, पिंपाशी आला, इकडेतिकडे बघितलं, वाकून दोर ओढला, तळाचा ठोकळा वर घेतला, होडी आतल्या बाजूला ढकलली आणि ठोकळा सोडून दिला. मग वही काढली. बाई झुडपातून जी उठली ती थेट मांडीभर चिखलात. तिच्या ओरडण्याने दोन प्लॅस्टिकच्या होड्या उलटल्या असं लोक सांगतात. ती अतिशयोक्ती आहे, एकच उलटली.

नदीखात्यात अर्ज गेला, क्लबची कमिटी बसली. कमिटीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर दोरांच्या गाठींचे नमुने, आणि खिडकीपाशी मान खाली घालून बसलेली सून. बाईने वही वाचून दाखवली, मास्तर इकडेतिकडे कसा बघत होता तेही करून दाखवलं. मास्तरने काहीच नाकारलं नाही. तो म्हणाला, पिंप दर आठवड्याला वाटेत येतं, मी ते जागेवर नेऊन ठेवतो, एवढंच. मी सरकवत नाही, ते सरकतं.

"ठोकळ्याला काय पाय फुटले?" बाईने विचारलं.

सगळी कमिटी हसली. ज्याच्यावर हसतात त्याची बाजू तिथेच संपते, मग तो खरं बोलत असो की खोटं. क्लबला नदीखात्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. त्यांनी मास्तरची धक्क्यावरची जागा काढून घेतली आणि खात्याचा निकाल लागेपर्यंत होडी पाण्यात न्यायची नाही असं ठरवलं. चार जणांनी ती ओढून आवारात उन्हात पालथी घातली. बाईच्या चिखलातून ती दिसायची, हिरवी पाठ वर करून पडलेली. बाईला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. चोर सापडला, आता मोजायचं कारण उरलं नाही. वही तिने ट्रंकेत परवान्याशेजारी ठेवून दिली.

दोन महिने गेले. मग नदीखात्याचं पत्र आलं. परवान्याची मुदत संपत आली आहे, पुढच्या दहा वर्षांसाठी तो द्यायचा की नाही हे ठरवायला अमुक तारखेला, ओहोटीच्या वेळी, मोजणी होईल. हद्दीची खूण खोल वाटेत आढळली तर परवाना रद्द समजावा. बाईने पत्र तीनदा वाचलं आणि हे काल का नाही आलं असं एकदाही विचारलं नाही. परवाना गेला तर त्या घरात दुसरं काही नव्हतं. नवऱ्याची कंबर गेलेली, मुलगा दूर, आणि बावन्नाव्या वर्षी चिखलाबाहेरचं तिला येत तरी काय होतं?

त्याच संध्याकाळी सून क्लबमधून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, आई, खिडकीवर चार जण तक्रार करून गेले, पिवळं पिंप वाटेच्या मधोमध आलंय म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाईने वल्ह्याने मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या वल्ह्याला पाणी गळ्याशी आलं. मग होडीतून दोर टाकून मोजलं. सहा वल्ही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवसांवर मोजणी आणि पिंप बोटींच्या वाटेत.

माणसाला वाटेल, आता तरी तिचा संशय थांबला असेल. छे. उलट तो पोसलेल्या मांजरासारखा घरभर फिरायला लागला. मास्तरनेच कुणाला तरी पाठवून सूड घेतला. नाहीतर क्लबने. पण क्लबला मोजणीची तारीख कशी कळली? पत्र तर घरात आलं होतं. घरात माणसं तीन. नवरा जिना उतरत नाही. रात्रीच्या जेवणाला बाईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि सुनेला विचारलं, "तारीख तूच सांगितलीस ना त्यांना?"

सून या वेळी भांडी घासायला उठली नाही. तिने हात धुतले, ट्रंकेतली वही मागितली, आणि बाईने ती का दिली हे बाईलाही सांगता येणार नाही. सुनेने पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"आई, दर रविवारी पिंप अर्धं वल्हं आत यायचं. म्हणजे वर्षभरात सव्वीस वल्ही. असंच चाललं असतं तर ते एव्हाना आपल्या स्वयंपाकघरात यायला हवं होतं."

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने घोटाबरोबर गिळलं.

"सोमवारी दोन भरायची," सून म्हणाली, "आणि शनिवारी परत अडीच. मग मधल्या दिवसांत अर्धं वल्हं बाहेर कोण नेत होतं? त्या दिवसांत तर तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं."

हा प्रश्न बाईला कधीच का पडला नव्हता? अहो, सोपं आहे. संशय घरात शिरला की गणित दाराबाहेर उभं राहतं. रविवारी काय जातं ते तिने बोटावर मोजलं होतं. शनिवारपर्यंत ते परत येतं हे रोज डोळ्यांसमोर होतं आणि त्यात चोरी नव्हती, म्हणून तिने ते बघितलंच नाही. ती सुनेवर ओरडली, घरभेदी म्हणाली, ताटावरून उठली. पण झोपेत कूस बदलली तरी तो प्रश्न उशीशी बसलेला होता.

सकाळी ती नेहमीप्रमाणे गेली, होडी पिंपाला बांधली, दोन रांगांचे पिंजरे होडीत चढवले, आणि मग नेहमीप्रमाणे पाठ फिरवून कामाला लागली नाही. चिखलात उभी राहून नुसती बघत बसली. पलीकडच्या काठावर पाण्याची टाकी होती आणि तिच्या मागे कारखान्याचं धुराडं. पिंप, टाकी आणि धुराडं एका रेषेत आलं तिथे तिने पाय रोवले. ओहोटी जोरात निघाली होती. भरलेली होडी पाण्याबरोबर मागे गेली, दोर ताठ झाला, थरथरला, आणि पिंपाने एक हिसका खाल्ला. पिंप टाकी-धुराड्याच्या रेषेतून बाहेर सरकलं. बाईने डोळे मिटून पुन्हा उघडले. पिंप तिथेच, रेषेबाहेर. वीतभर.

रोज एक वीत. सहा दिवसांचं अर्धं वल्हं. मास्तरला हटवल्यापासून दोन महिन्यांची चार वल्ही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिचेच हात, तिचीच गाठ, तिचीच होडी. ती मटकन बाकावर बसली, आणि कालवांवर कुणी बसत नाही, पण तिला काही टोचलं नाही.

घरी येऊन तिने नवऱ्याला विचारलं, "तो ठोकळा तुम्ही केलात ना? एवढा लहान कशाला केलात?"

गेल्या वर्षी जुना लोखंडी नांगर गंजून तुटला होता. बाईच्या मते चोरीला गेला होता, पण तो गंजून तुटला होता. तेव्हा नवऱ्याने रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून हा ठोकळा बनवला होता, मोठ्या हौसेने. तो म्हणाला, अगं तूच म्हणालीस, एकटीला उचलता आला पाहिजे. बाईला उचलता येत होता. पंचाहत्तरीच्या मास्तरलाही उचलता येत होता. मग नदीला का नाही येणार?

मोजणीच्या दिवशी पहाटे ती गेली, ठोकळा उचलला आणि दोन वल्ह्यांवर नेऊन ठेवला. होडी पिंपाला न बांधता लांब काठाशी ठेवली, रुतली तर रुतली. सकाळी नदीखात्याच्या मोजणीवाल्या मॅडम आल्या. तरुण, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर तिपाई. यंत्र लावलं, आकडे लिहिले, पुन्हा लावलं.

पिंप अगदी जागेवर होतं. मॅडम खूश दिसल्या. असं फार कमी ठिकाणी सापडतं, म्हणाल्या. मग त्यांनी फायलीतून दुसरा कागद काढला. तो बाईच्याच अर्जाचा होता. त्या माणसाला नदीतून हटवल्यापासून पिंप हललेलं नाही, असं इथे लिहून सही केली की प्रकरण निकाली. त्याची नदीत होडी घालायची परवानगी कायमची काढून घेता येईल आणि दहा वर्षांच्या परवान्यावर आजच शिक्का मारते, म्हणाल्या.

बाईने पेन हातात घेतलं. समोर, वळणावर, हिरवी होडी पालथी पडली होती. तिला आठवलं, कमिटीत सगळे हसले तेव्हा मास्तरने कुणाकडे बघितलं नव्हतं, फक्त वही बंद करून खिशात ठेवली होती. एका सहीचं काम. कुणाला कळणार नव्हतं. कळणारी घरातलीच दोघं, नवरा जिना उतरत नव्हता आणि सून बोलणाऱ्यातली नव्हती. बाईने जन्मभर ज्या माणसाचा शोध घेतला, पाठ वळली की घेणारा, तो तिला त्या कागदावर स्वतःच्या नावाने सही करताना दिसला. तिला स्वतःची लाज वाटली.

"पिंप मीच हलवत होते," ती म्हणाली. "रोज. होडी बांधून. मला कळलं नाही. आणि आज पहाटे जागेवर मीच ठेवलंय, तुम्ही येणार म्हणून."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि तिच्याकडे बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, आणखी काय लपवलंय अशा नजरेने. बाईला ती नजर ओळखीची होती. ती तिचीच होती, फक्त आजवर कधी समोरून आली नव्हती. मग आणखी एक तास मोजणी झाली, प्रत्येक रांगेची. शेवटी ठरलं ते असं: दहा वर्षं नाही, एक वर्ष. बाहेरची रांग काढायची. महिन्याच्या आत पिंपाला लोखंडी नांगर आणि होडीला वेगळा. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. मास्तरवरचा अर्ज रद्द.

त्या संध्याकाळी सुनेने गरम पाण्याचं भांडं आणून सासूच्या पायाशी ठेवलं आणि भांडी घासायला गेली. या वेळी बाईने कुणाला खुणावलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई क्लबच्या आवारात गेली. मास्तर उलट्या होडीशेजारी खोक्यावर बसला होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, पहाटेचंही. मास्तरने ऐकून घेतलं.

"यात तुमचा नवा डाव काय आहे?"

"काही नाही."

"लिहून द्या."

जिने जगाकडून सगळं लिहून घेतलं, तिने मास्तरच्या वहीत लिहून दिलं. लिहिताना मागची पानं दिसली. दर रविवारची तारीख, पिंप वाटेत किती आलं त्याचा आकडा, अर्धं वल्हं, अर्धं वल्हं, आणि दर तीनचार पानांनी एक ओळ: बाई लबाड आहे. मुद्दाम सरकवते. पुरावा जमा करणे. बाईने आपली वही पिशवीतून काढून शेजारी ठेवली. तिच्यात अडीच, दोन, अडीच, दोन, म्हणजे फरक तेच अर्धं वल्हं, आणि दर तीनचार पानांनी: मास्तर चोर. दोघांनी दोन्ही वह्या खालपर्यंत वाचल्या. एकही आकडा चुकत नव्हता.

"मग तुम्ही अर्ज का नाही केलात?" बाईने विचारलं. शेवटी चौकशीबाई ती.

"अर्जाला ऑफिसात जावं लागतं," मास्तर म्हणाला. "दोर ओढणं सोपं."

मग तिने होडीकडे बघितलं. लाकडी होडी पाण्यात असते तोवर फळ्या फुगून एकमेकींना धरून असतात. दोन महिने उन्हात राहिली की त्या आकसतात. फळ्यांमध्ये करंगळीचं नख सहज जात होतं. आतून बघितलं तर उजेडाच्या रेघा. मास्तरने सांगितलं, पाण्यात घातली तर धक्क्यालाच बुडेल. फळ्या भिजवून भिजवून परत फुगवता येतात, पण त्याला रोजच्या शंभर बादल्या लागतात आणि मला आता चार होत नाहीत. हे त्याने तक्रारीने सांगितलं नाही, भूगोलासारखं सांगितलं. बाईला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ती बादली घेऊन आली. क्लबच्या दोन माणसांना हाताला धरून होडी सुलटी करवली, आत जुनी पोती अंथरली आणि नदीतून पाणी आणून ओतायला लागली. पहिल्या बादलीत मास्तरने बोट बुडवून चाखून बघितलं, पाणी नदीचंच आहे ना म्हणून. मग खोक्यावर बसून त्याने बादल्या मोजायला घेतल्या आणि वहीत लिहायला. पाणी फटींतून चाळणीसारखं गळत होतं. पाचनंतर सून खिडकी बंद करून आली, तिच्या हातात दुसरी बादली. एक भरायची, एक ओतायची. चौथ्या दिवशी गळती निम्मी झाली. नवव्या दिवशी ओतलेलं पाणी सकाळपर्यंत आतच राहिलं. मास्तरने हात घालून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने बघितलं, मग म्हणाला, बरं.

त्या रविवारी बाई मुद्दाम कामाला गेली. होडी आता स्वतःच्या लोखंडी नांगरावर उभी होती, पिंपापासून लांब. बाहेरची रांग काढलेली, बाकांच्या जागी चिखलात नुसती भोकं. हिरवी होडी वळणावरून आली. पिंपाशी येऊन मास्तरने शीड पाडलं, वल्हं काढलं, आणि बाईच्या नव्या शेवटच्या रांगेपासून पिंपापर्यंत सावकाश मोजत गेला. बाई हातात पिंजरा धरून उभी. काय शोधता, कुणी सांगितलं मोजायला, विश्वास नाही का, असे तीन प्रश्न तिच्या जिभेवर आले. तिने ते तिन्ही गिळले.

"किती?" तिने विचारलं.

"तीन," मास्तर म्हणाला आणि लिहून घेतलं. रांग काढल्यावर तीनच भरायला हवी होती.

सोमवारी तिने स्वतः मोजलं. तीन. मंगळवारीही मोजलं. आता ती आठवड्याचे सहा दिवस मोजते आणि निळ्या पेनाने लिहिते. रविवारचं पान ती कोरं ठेवते, तो आकडा मास्तरच्या वहीत असतो.